दोन खणांची बादली आणि चपटा मॉप: सात महिने वापरून

एस.टी.च्या दापोडी वर्कशॉपात ३१ वर्षं काढली, त्यामुळे घरात नवी वस्तू आली की आधी खोलून बघायची खोड आहे. आमची ही म्हणते, आधी वापरून तरी बघा. या मॉपच्या बाबतीत दोन्ही केलं.

सांगवीच्या आमच्या फ्लॅटमध्ये हॉल आणि स्वयंपाकघरात दोन बाय दोनच्या व्हिट्रिफाइड टाइल्स आहेत. मुलाने मात्र लग्नाआधी स्वतःच्या खोलीत हौसेने ‘वुडन फ्लोअरिंग’ करून घेतलं. लाकडी म्हणायचं एवढंच. वर लाकडाचा छापील कागद, त्यावर पारदर्शक थर आणि खाली लाकडाचे तंतू दाबून केलेली ८ मिलिमीटरची पट्टी. दुकानदार म्हणाला होता, ‘बिनधास्त पुसा, काही होत नाही.’ पहिल्याच पावसाळ्यात बाल्कनीच्या दाराजवळच्या तीन पट्ट्या कडेने फुगल्या. वरून पाणी जात नाही हे खरं, पण दोन पट्ट्यांच्या सांध्यातून उतरतं आणि खालचा तंतू ते पिऊन बसतो. एकदा फुगलेली कड वाळली तरी पुन्हा बसत नाही. अजूनही अनवाणी चाललं की पायाला लागते. मावशींचा यात काही दोष नाही. त्या टाइल्स पुसतात तसंच ओल्या पोतेऱ्याने पुसत होत्या, आणि वेगळं पुसायचं हे त्यांना सांगायला आम्हाला तरी कुठे ठाऊक होतं?

आधी गोल फिरणारा स्पिन मॉप आणला होता. त्याच्या दांड्यात पीळ दिलेला गज असतो. दांडा खाली दाबला की त्या पिळावरून मॉपचं डोकं गरगर फिरतं. युक्ती झकास, पण गजाला धरणारा नट प्लॅस्टिकचा. आठ महिन्यांत त्याचे आटे झिजले आणि दांडा नुसताच वर-खाली व्हायला लागला. खोलून बघितलं, बदली भाग कुठेच मिळेना. भंगारात दिला.

हा नवा मॉप मी ११४९ रुपयांना घेतला, सोबत चार पॅड. बादलीला दोन खण आहेत. एकात पॅड बुडवून धुवायचं, दुसऱ्यात दांडा उभा धरून खाली-वर करायचा. तिथे प्लॅस्टिकची एक पट्टी पॅडवरून घासत जाते आणि पाणी निपटून काढते. ना गिअर, ना स्प्रिंग. मोडण्यासारखं काही नाहीच, म्हणून मला आवडला.

लाकडी खोलीसाठी माझी चाचणी साधी आहे. पाच वेळा निपटल्यावर पॅड काढून मुठीत पिळायचं. थेंब पडला तर आणखी दोनदा निपटायचं. मग पुसलेल्या जागेवर नुसती ओलसर वाफ दिसते आणि पंखा लावला की मिनिटभरात उडते. तीनदा निपटून पुसलं तर सांध्यांच्या रेघा गडद दिसतात, म्हणजे पाणी आत चाललंय. सात महिन्यांत नवी पट्टी फुगलेली नाही. या खोलीत फिनाईल बंद केलंय. त्याचा धुरकट थर बसायचा आणि त्यावर पावलं उठायची.

टाइल्सवर पॅड मस्त पळतं, सोफ्याखाली अगदी भिंतीपर्यंत जातं. पण सांध्यांना हे पॅड काही करत नाही. ते टाइलच्या पृष्ठभागावरून सरकतं आणि सांधा जरा खोल असतो, त्यामुळे काळी रेघ तशीच राहते. तिथे खाण्याचा सोडा पाण्यात कालवून लावायचा, दहा मिनिटं थांबायचं आणि जुन्या टूथब्रशने घासायचं. गुडघे दुखतात, पण दुसरा उपाय नाही. बाथरूमला काही जण सर्रास ॲसिड ओततात. फेस आला की त्यांना वाटतं, घाण निघाली. त्या फेसात पाण्याचे पांढरे डाग तर जातातच, पण सांध्यातलं सिमेंटही विरघळत असतं. टाइल टिकते, सांधा पोकळ होतो आणि मग खालच्या मजल्यावाले छताला आलेली ओल दाखवायला वर येतात.

तक्रारी आहेत. दांडा माझ्या उंचीला चार बोटं कमीच, त्यामुळे कंबर वाकते. बादली अरुंद आहे. हॉल पुसून होईपर्यंत पाणी गढूळ होतं आणि मध्येच बदलावं लागतं, नाहीतर तीच घाण सगळीकडे फिरते. पॅडच्या मागच्या वेल्क्रोत सुनेचे केस अडकतात, ते मी चिमट्याने उपटतो. पॅड मशिनमध्ये धुतो, पण कपडे मऊ करायचं ते निळं पाणी त्यात घालत नाही. एकदा घातलं तर पुढचे आठ दिवस पॅड पाणीच धरेना.

मावशींनी एकदा हातात धरून बघितला आणि म्हणाल्या, ‘काका, तुमचं खेळणं तुम्हीच खेळा.’ त्या अजून फडक्यानेच पुसतात आणि कोपरे माझ्यापेक्षा स्वच्छ काढतात. लाकडी खोली तेवढी माझ्याकडे.

बादलीच्या तळाचं बूच दुसऱ्याच महिन्यात गळायला लागलं. सायकलच्या जुन्या ट्यूबचा गोल कापून वॉशर घातला. आता गळत नाही.