फोरॅमिनिफेरा बघायला घेतलेला स्टिरिओ मायक्रोस्कोप
नाशिकला कॉलेज रोडवरच्या दुकानातून घेतला, पैसे वसूल! फोरॅमिनिफेरा म्हणजे समुद्रातले एकपेशीय जीव, बहुतेकांचं कवच १ मिमीपेक्षा लहान, त्यामुळे ४० पट पुरतं आणि वरून लाइट असल्याने कवचाचे कप्पे स्वच्छ दिसतात. स्लाइडवर ग्लोबिजेरिना बुलॉइडिस (फोरॅमिनिफेरातलीच एक जात) दिसला तेव्हा जाम भारी वाटलं, कारण नैऋत्य मान्सूनचे वारे जोरात असले की ओमानच्या किनाऱ्याजवळ खालचं थंड पाणी वर येतं आणि हा भरपूर वाढतो, म्हणून तळाच्या गाळात तो किती सापडतो त्यावरून हजारो वर्षांपूर्वीच्या मान्सून वाऱ्यांचा जोर कळतो. कमाल आहे ना! स्टँड दणकट, फोकसचा नॉब जरा घट्टय. दुकानातल्या काकांनी घाई न करता सगळं लावून दाखवलं.