गॅरेजचं शेड उंच करून घेताना माझी झालेली फसवणूक

धायरीत माझं चारचाकीचं गॅरेज आहे. वर्षानुवर्षं गाडीखाली आडवं पडून कंबर गेली, म्हणून टू-पोस्ट लिफ्ट, म्हणजे दोन खांबांवर गाडी वर उचलणारं यंत्र, घ्यायची ठरवली. शेडची बाजूची उंची जेमतेम ९ फूट. इनोव्हासारखी गाडी ६ फुटांच्या आसपास, तिच्याखाली उभं राहायला आणखी ६ फूट. म्हणजे १२ फूट मोकळे लागतातच, बॉनेट उघडायचं तर त्याहून जास्त. म्हणून १४ फुटांचं ठरलं.

फॅब्रिकेटर ओळखीतून आला. पायापासून ६ नवे खांब, १०० बाय १०० मिमीचा, ४ मिमी जाडीचा चौकोनी पाइप, वर नवी कैची (पत्रे तोलणारा लोखंडी त्रिकोणी सांगाडा), पत्रे जुनेच, दर किलोवर. "पक्कं बिल कशाला दादा, १८ टक्के जीएसटी वाचेल," म्हणाला आणि मी मान डोलावली. सगळ्यात महागात पडली ती हीच गोष्ट. वहीच्या कागदावर त्यानं लिहून दिलं, 'उंची १४ फूट'. कुठून कुठपर्यंत, ते त्यानं लिहिलं नाही आणि मी विचारलं नाही.

मे महिना होता. ६० टक्के आधी दिले आणि पुतणीच्या लग्नाला साताऱ्याला गेलो. "पाऊस तोंडावर आलाय, तुम्ही निवांत जाऊन या, मी उभं करून ठेवतो." तीन दिवसांनी आलो तर शेड उभं, खांबांना राखाडी रंग, बुडाशी ताजं सिमेंट. खोदूनच बसवलेत असं वाटलं. बाकीचे पैसेही त्याच संध्याकाळी देऊन टाकले.

आठवड्यानं लिफ्टवाल्यांचा माणूस जागा बघायला आला. त्यानं लेझर लावला. कैचीच्या खालच्या पट्टीपर्यंत ११ फूट ५ इंच. १४ फूट भरत होते ते आढ्याला, छपराच्या सगळ्यात उंच टोकाला!

तेव्हा पहिल्यांदा मनात पाल चुकचुकली. जुनी गाडी घेताना पुट्टी ओळखायला आम्ही लोहचुंबक फिरवतो, तोच खांबावर फिरवला. डोक्याच्या वर, वीतभर पट्ट्यात तो धरेचना. स्क्रूड्रायव्हरनं खरवडलं तर बॉडी पुट्टीचा थर सुटून आला आणि खाली वेल्डिंगचा ओबडधोबड जोड. जोडाला आधार म्हणून आत पट्टी नाही, बाहेर प्लेट नाही. सहाही खांबांना तेच. जुने खांब त्याच मापाचे होते, ते कापून वर अडीच-अडीच फुटांचे तुकडे डकवले होते. शेडमागे एक कापलेला तुकडा सापडला, त्याला व्हर्निअर (जाडी मोजायचं माप) लावला तर जाडी अडीच मिमी. खांबांपोटी त्यानं ३०० किलोच्या वर लोखंड हिशोबात धरलं होतं, लागलं होतं ४० किलोही नाही. ४ मिमीचा ६ मीटरचा पाइप ७० किलोच्या आसपास भरतो आणि अडीच मिमीचा साधारण ४५, हे मला आता पाठ झालंय. माल उतरताना वजनकाट्याची एक पावती मागितली असती तर तिथंच सगळं उघडं पडलं असतं.

फोन केला तर म्हणाला, "जोड दिल्यावर उलट मजबूत होतं." नंतर फोन उचलणंच बंद.

स्ट्रक्चरल इंजिनिअर येऊन बघून गेले. लिफ्ट तिच्या स्वतःच्या काँक्रीटवर उभी राहते, तिचा भार शेडवर येत नाही. त्यांना काळजी वाऱ्याची होती. वळवाच्या वाऱ्यानं पत्रा उचलला तर सगळा ताण त्या जोडांवरच येणार, आणि खाली माझी दोन पोरं काम करतात. त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी पत्रे उतरवले.

ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर फोन केला. स्वयंरोजगारासाठी, पोटापाण्यासाठी घेतलेली सेवा २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बसू शकते, त्यामुळे ग्राहक आयोगात जाता येऊ शकतं. पण माझ्याकडे पुरावा काय, तर वहीचा कागद आणि यूपीआयनं दिलेली थोडी रक्कम. बाकी सगळं रोख गेलेलं. तरी तक्रार करतोय.

आता दुसऱ्याला काम दिलंय, पक्क्या बिलावर. कागदावर लिहिलंय: फरशीपासून कैचीच्या खालच्या पट्टीपर्यंत १४ फूट. पाइप आला की रंगाआधी मी स्वतः व्हर्निअर लावतो आणि खडूनं जाडी लिहून फोटो काढतो. शेवटचा हप्ता लिफ्टवर गाडी चढवून, बॉनेट उघडून बघितल्यावर. काल चौथा खांब उभा राहिला.