तराजूवाला की नाणेवाला? विम्यासाठी नाणेसंग्रहाचं मूल्यांकन

ज्याची सही विमा कंपनी डोळे झाकून घेते त्याला बहुधा नाण्यांतलं कळत नाही, आणि ज्याला कळतं त्याच्या लेटरहेडला कंपनीत कोणी विचारत नाही. दागिन्यांचे सरकारमान्य व्हॅल्युअर, नाण्यांचे व्यापारी आणि लिलाव कंपन्या या तिघांच्या कामाला गुण द्यायचे तर सुरुवात इथूनच करावी लागते.

आधी व्हॅल्युअर. संपत्ती कर कधीच गेला, पण त्या कायद्याखालच्या व्हॅल्युअरच्या नोंदणीचा शिक्का विमा कंपन्यांना ओळखीचा असतो. काम झटपट होतं: वजन, कस, त्या दिवसाचा भाव, सही. हातात येतं ते असं: ‘चांदीचे रुपये, 40 नग, 464 ग्रॅम.’ विम्यासाठी हा कागद जवळजवळ निरुपयोगी. त्या चाळीसांत 1911 चा पंचम जॉर्जचा रुपया असेल (राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसला, ओरड झाली आणि पुढच्या वर्षी चित्र सुधारावं लागलं), तर तोही शेजारच्या झिजलेल्या रुपयाच्याच भावाने मोजला जातो. चूक उलट्या दिशेनेही होते. 1939 सालापर्यंतच्या रुपयात 91.7 टक्के चांदी, म्हणजे 11.66 ग्रॅममध्ये 10.69 ग्रॅम. 1940 पासून वजन तेच, चांदी मात्र निम्मी: 5.83 ग्रॅम. ढिगातला एकच रुपया कसाला लावून सगळ्यांना तोच आकडा दिला की अख्खी यादी कोसळते. शिवराई, म्हणजे मराठेशाहीतलं तांब्याचं नाणं, तर या तराजूवर मोडीच्याच भावात जाते. कामाला दहापैकी चार गुण, तेही शिक्क्याचे.

व्यापाऱ्याला नाणं कळतं, पण त्याचं मन दोन ठिकाणी अडकलेलं असतं. तुमचं नाणं त्याला विकत हवं असेल तर तो कमी सांगणार. त्यानेच तुम्हाला विकलेलं असेल तर जास्त. म्हणून किंमत विचारण्याआधी किंमत कोणती ते ठरवून घ्या. व्यापारी तुमच्याकडून ज्या भावात घेईल ती एक, लिलावात हातोडा पडेल ती दुसरी, आणि तसंच नाणं तशाच प्रतीत (म्हणजे तेवढ्याच झिजेच्या अवस्थेत) आज बाजारातून पुन्हा घ्यायला जे मोजावं लागेल ती तिसरी. विम्याला तिसरी लागते आणि कागदावर ‘पुन्हा घेण्याची किंमत’ असं स्पष्ट लिहून यावं लागतं. फी नगावर किंवा तासावर ठरवा. एकूण किमतीच्या टक्क्यावर फी मागणारा माणूस आकडा फुगवतो, आणि ‘फी राहू द्या हो, विकायची झाली तर आधी मला सांगा’ म्हणणाऱ्याचा आकडा म्हणजे सरळ खरेदीचा भाव. चांगला व्यापारी मिळाला तर सात गुण.

लिलाव कंपन्यांचा खरा ऐवज म्हणजे त्यांचे जुने निकाल. मुंबईत तोडीवाला, ओसवाल. अहमदाबादला क्लासिकल न्यूमिस्मॅटिक गॅलरी. कोणतं नाणं कोणत्या प्रतीत केवढ्याला गेलं, याचा छापील पुरावा तिथे सापडतो. कॅटलॉगमधला अंदाज म्हणजे विक्री नव्हे, हे मात्र विसरू नका. हातोड्याच्या आकड्यावर खरेदीदाराचं कमिशन आणि कर चढतो, तोही पुन्हा घेण्याच्या किमतीत धरायचा. दोन हौशी माणसं ईर्ष्येला पेटली की एखादा आकडा आभाळाला टेकतो, त्यामुळे किमान तीन विक्र्या बघाव्यात. ऑनलाइन जाहिरातींमधल्या लाखांच्या किमती कुठेच धरू नयेत. असल्या व्यवहारांत फसवणूक होते असा इशारा रिझर्व्ह बँकेनेच 2021 मध्ये दिला होता.

मूल्यांकन करणारा टेबलावर काय करतो यावरून त्याची पारख होते. दोन दशांशांपर्यंत वजन दाखवणारा काटा आणि दहापट भिंग नसेल तर उठून या. घनत्वाची चाचणी दोन मिनिटांची आहे. पाण्याची प्लास्टिकची वाटी काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणायचा, नाणं बारीक दोऱ्याला बांधून पूर्ण बुडेल पण तळाला किंवा कडेला टेकणार नाही असं धरायचं, चिकटलेले बुडबुडे झटकायचे आणि आकडा वाचायचा. 11.66 ग्रॅमच्या रुपयाला 1.13 च्या आसपास आला तर वजनाला त्याने भागून 10.3 येतो, म्हणजे जुनी चांदी. निम्म्या चांदीचा रुपया 1.2 च्या पुढे जातो. मात्र 1938 च्या रुपयातला 8 कोरून केलेला दुर्मीळ 1939 या चाचणीत सहज पास होतो, कारण नाणं खरंच असतं, खोटा असतो तो एक आकडा. तिथे भिंगच हवं: शेवटच्या 9 भोवतीची जमीन, म्हणजे सपाट भाग, खरवडलेली किंवा वेगळ्या चकाकीची दिसते. ओतीव नकलीत अक्षरांच्या कडा वापरलेल्या साबणासारख्या गोलसर होतात आणि कडेवर साच्याची रेघ सापडते.

जाण्याआधी नाणी घासू नका. आपल्याकडे लक्ष्मीपूजनाचे रुपये दरवर्षी चिंचेने उजळायची रीत आहे, आणि तिथेच प्रत दोन पायऱ्या खाली येते. अक्षरांत अडकलेलं हळदकुंकू परवडलं, घासलेली चकाकी नको. मऊ पीव्हीसीच्या पाकिटांत हिरवा चिकट थर धरतो, ती पाकिटं मूल्यांकनाआधीच बदला. पुठ्ठ्याच्या चौकटीतून नाणं काढताना स्टेपलची टोकं नाण्यावरून ओढली जाणार नाहीत एवढं बघा.

यादीत प्रत्येक नाण्याला स्वतंत्र ओळ हवी: राजा किंवा राज्य, मूल्य, नाण्यावरचा सन, टांकसाळ, वजन, व्यास, प्रत (व्हीएफ म्हणजे व्हेरी फाइन, एक्सएफ म्हणजे एक्स्ट्रीमली फाइन, यूएनसी म्हणजे न वापरलेलं वगैरे), किंमत आणि तिचा आधार. फोटो दोन्ही बाजूंचे, फ्लॅशशिवाय, बाजूच्या उजेडात. हाताने ठोकलेल्या शिवराईचं एक बरं असतं. ‘श्री राजा शिव’मधलं कुठलं अक्षर कडेबाहेर गेलं, ठसा किती सरकला, हे प्रत्येकीत वेगळं असतं, त्यामुळे फोटो हीच तिची ओळख. यंत्रावर पाडलेले रुपये एकसारखे; त्यांच्या फोटोत बारीक ओरखडा, कडेचा खळगा, डाग दिसलाच पाहिजे, नाहीतर चोरीनंतर सापडलेला रुपया तुमचाच हे सिद्ध करता येत नाही.

नाण्याची प्रत ठरवून देणाऱ्या परदेशी ग्रेडिंग कंपनीकडून ते डबीत बंद करून आणण्याचा मोह होतो. पण शंभर वर्षांहून जुनं नाणं 1972 च्या कायद्याप्रमाणे पुरावस्तू ठरतं आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. वरचा 1911 चा रुपयाही आता त्यात मोडतो.

पॉलिसी घेताना आधी विचारायचं ते लेखी विचारा: मूल्यांकनावर कोणाची सही चालेल? 1 एप्रिल 2021 पासून आलेल्या ‘भारत गृह रक्षा’ या घरविम्यात शेड्यूलमध्ये (पॉलिसीच्या तपशीलपत्रात) वेगळा उल्लेख नसेल तर नाणी वगळलेली असतात. मौल्यवान वस्तूंचं जादा संरक्षण ठरलेल्या किमतीवर घेता येतं. एकूण रक्कम 5 लाखांपर्यंत आणि एकेका वस्तूची किंमत 1 लाखापर्यंत असेल तर मूल्यांकनाचं प्रमाणपत्रही मागत नाहीत. मेख चोरीत आहे. मूळ पॉलिसी चोरी धरते ती आग, पूर अशा घटनेनंतरच्या सात दिवसांतली. कुलूप फोडून झालेल्या घरफोडीसाठी वेगळं संरक्षण घ्यावं लागतं.

सर्वांत पक्की पद्धत दोन कागदांची. नाणेवाल्याकडून आधारासह तपशीलवार यादी करून घ्यायची, मग व्हॅल्युअरकडून वजन-कसाचं प्रमाणपत्र त्याच क्रमांकांनी, आणि दोन्ही कंपनीला एकत्र देऊन पोच घ्यायची. या जोडीला नऊ गुण. एक कापला तो दोनदा फी पडते म्हणून. चांदी एवढी हलते आहे की आकडे दर वर्षी नूतनीकरणाआधी ताजे करावे लागतात, पण तेव्हा फक्त किमतीचा रकाना बदलायचा असतो.

बँकेचा लॉकर आहे, मग विमा कशाला, असं म्हणणाऱ्यांनी लॉकरचं भाडं बघावं. 2022 पासूनच्या नियमांप्रमाणे आग, चोरी, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यांत बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंतच आहे. भाडं 3,000 असेल तर 3 लाख, मग आत काहीही असो.