बीरला न जाता बीरचं कार्ड

पेडण्यात राहणाऱ्याला केरी-हरमलच्या कड्यावरून उडणारे पॅराग्लायडर नवे नाहीत. गेल्या एप्रिलमध्ये ते शिकायची हौस मला २८ हजारांना पडली.

शिकवणारा माणूस गोडबोल्या. "दादा, चार दिवस इथं विंग, म्हणजे ते कापडी पंख, हाताळायला शिका, मग जुलैअखेर हिमाचलात बीर-बिलिंगला आठ दिवस. पी-वन, पी-टू दोन्ही, म्हणजे पायलटच्या पहिल्या दोन पायऱ्या. पावसात गर्दी नसते म्हणून स्वस्तात होतंय." अर्धे पैसे तिथेच यूपीआयवर दिले. पावती मागायची मलाच लाज वाटली.

ते चार दिवस मात्र खरे होते, आणि फसलो तो त्यामुळेच. समुद्रावरचा वारा कड्याला आपटून वर चढतो, त्यात विंग डोक्यावर उभी राहिली की हातातल्या ब्रेकच्या दोऱ्यांमधून तिची ओढ खांद्यापर्यंत जाणवते. मी खूश. त्यानं माझे भरपूर फोटो काढले. पाचव्या दिवशी उरलेले पैसेही देऊन टाकले.

डोंगरातला वारा वेगळा असेल ना, असं विचारलं तर म्हणाला, "वारा सगळीकडे सारखाच." साफ खोटं. इथला वारा बऱ्यापैकी एकसारखा असतो. बिलिंगचं टेक-ऑफ सुमारे २४०० मीटरवर, तिथं उन्हानं तापून वर उठणाऱ्या हवेवर, म्हणजे थर्मलवर, चढायचं असतं आणि दुपारी तीच हवा अंगावर येते. त्याच्या विंगवरच्या लेबलवर ६५ ते ८५ किलो लिहिलं होतं. माझंच वजन ८४. हार्नेस, विंग, रिझर्व्ह पॅराशूट सगळं धरून तो आकडा मोजतात हे मला नंतर कळलं. अर्थात रिझर्व्ह त्याच्याकडे नव्हतंच.

मोपाहून दिल्लीचं तिकीट काढायच्या आधी बायको म्हणाली, "राहायच्या जागेला एक फोन तरी कर." बीरमधल्या एका होमस्टेला लावला. मालक हसला. १५ जुलै ते १५ सप्टेंबर तिथं उड्डाणं सरकारी नियमानंच बंद असतात! स्वस्त का होतं, ते तेव्हा उमगलं.

त्याला जाब विचारला तर आवाजही चढवला नाही. "मग चवथीनंतर बघू. कार्ड हवं तर आत्ताच देतो, पी-टूचं." एकही उड्डाण न करता! व्हॉट्सॲपवर कार्डाचा फोटो आलासुद्धा, माझ्या नावाचा. ज्या संस्थेचं नाव त्यावर होतं तिच्या साइटवर तो नंबर टाकून पाहिला, काहीच सापडलं नाही. ते कार्ड दाखवून मी कुठे विंग भाड्यानं घेतली असती तर?

१९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, तक्रार केली, पण तोवर पैसे जाऊन दोन महिने झाले होते. हा फोन पैसे गेल्या गेल्या करायचा असतो, म्हणजे निदान खातं गोठवता येतं. शिकायचंच असेल तर आधी शिक्षकाच्या परवान्याचा नंबर स्वतः तपासा, लेबल वाचा, रिझर्व्ह डोळ्यांनी पाहा, आणि डोंगरातल्या शिबिराचे पैसे डोंगरात पोचल्यावर द्या. "आज भरलं तर सवलत" म्हणणाऱ्याला तर अजिबात नाही.

पोलिसांत अर्ज दिलाय. गेल्या आठवड्यात मित्रानं एक जाहिरात पाठवली. नव्या बॅचची. त्यात विंग डोक्यावर धरून हसणारा 'आमचा पी-टू पायलट' मीच आहे.