टायटलसेकसोबत आठ महिने

लाटेक ही आज्ञा लिहून छपाईसाठी मजकूर जुळवायची प्रणाली. तिच्या बुक क्लासमधली, म्हणजे पुस्तकासाठीच्या तयार साच्यातली, भलीमोठी ठळक शीर्षकं मला पहिल्यापासून खुपायची. म्हणून एका जाडजूड पुस्तिकेच्या जुळणीसाठी टायटलसेक हे शीर्षकांचं रूप बदलणारं पॅकेज घेतलं. त्याला आता आठ महिने झाले.

पहिला आठवडा निव्वळ वैतागाचा. ‘टायटलफॉरमॅट’ या आज्ञेला ओळीने पाच महिरपी कंस लागतात: कोणतं शीर्षक, फाँट, क्रमांक, क्रमांकानंतरचं अंतर आणि शीर्षकाच्या अगदी आधी चालणारी आज्ञा. शेवटचा कंस बहुधा रिकामाच, त्यामुळे मी तो लिहायलाच विसरायचो. मग पुढचं जे सापडेल ते लाटेक त्यात ओढायचं आणि चूक भलतीकडेच दाखवायचं.

क्रमांक नको होते म्हणून एकदा तिसरा कंस रिकामा सोडला. शीर्षकावरचे आकडे गेले, अनुक्रमणिकेतले मात्र ठाण मांडून बसले! ते खरंच घालवायचे तर कोणत्या पातळीपर्यंत क्रमांक द्यायचे ते ठरवणारा ‘सेकनमडेप्थ’ हा काउंटर खाली आणावा लागतो. बुकमध्ये तो २ असतो, लेखांसाठीच्या आर्टिकल क्लासमध्ये ३. हे आधी ठाऊक असतं तर माझा एक रविवार वाचला असता.

खरा वेळ खाल्ला तो मोकळ्या जागेने. ‘टायटलस्पेसिंग’मध्ये मी शीर्षकाच्या वर-खाली ठाम १२ पॉइंट दिले, आणि काही पानांवर परिच्छेदांमधल्या फटी विचित्र ताणल्या गेल्या. मूळ क्लासमध्ये विभागाच्या शीर्षकावर ३.५ एक्स जागा असते (एक्स म्हणजे साधारण त्या फाँटमधल्या छोट्या x अक्षराची उंची). ती १ एक्सने फुगू शकते, ०.२ एक्सने आकसू शकते. ही लवचीकताच मी काढून टाकली होती. बुक क्लास पानाचा तळ समान ठेवू पाहतो, मग ताण दुसरीकडे निघणारच. आता वर जास्त, खाली कमी, आणि दोन्हीकडे थोडी सैल जागा देतो. शीर्षक आपल्याच मजकुराला चिकटलेलं दिसतं.

देवनागरीवाल्यांनी एक बघावं: फाँटला बोल्ड नसेल तर शीर्षक गुपचूप साध्या वळणात येतं. लॉगमध्ये, म्हणजे लाटेकने केलेल्या कामाच्या नोंदीत, एक ओळ असते, पण ती वाचतो कोण?

टायटलसेकमध्ये शीर्षकाच्या मांडणीचे प्रकार आठ-नऊ आहेत. मी ‘हँग’ (क्रमांक आणि शीर्षक एकाच ओळीत) आणि ‘डिस्प्ले’ (क्रमांक वेगळ्या ओळीत) यांपलीकडे फारसा गेलो नाही. समासातलं शीर्षक एकदा करून पाहिलं, छान दिसलं, पण माझा समासच अरुंद.

कोमा-स्क्रिप्ट या लाटेकच्या पर्यायी संचातले क्लास वापरत असाल तर टायटलसेकच्या वाटेला जाऊ नका. त्यांच्याकडे शीर्षकांसाठी स्वतःच्या आज्ञा आहेत, आणि दोघं एकत्र आले की लॉगमध्ये इशारा येतो.