ड्यूको की पीयू : एकाच एमजीबीला दोनदा रंग दिल्यावर

माझी एमजीबी, म्हणजे एमजीची दोन सीटची ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी, १९६७ची. रंग ओल्ड इंग्लिश व्हाइट, म्हणजे दुधावरच्या सायीचा. चौदा वर्षांत ती दोनदा पूर्ण रंगवून घेतली. पहिल्यांदा नाना पेठेतल्या एका बोळात, रंगारी चाचांच्या हातून, ड्यूकोत, म्हणजे थिनर उडून वाळणाऱ्या जुन्या पद्धतीच्या रंगात. दुसऱ्यांदा भोसरीच्या बाजूला, रंग मारायची बंद खोली, म्हणजे बूथ, असलेल्या एका बॉडी शॉपमध्ये, पीयूत, म्हणजे पॉलियुरेथेन रंगात. पत्रा तोच, रंग तोच, पुण्याचं ऊन तेच आणि चालवणाराही मीच. त्यामुळे दोन्हींबद्दल जे सांगतोय ते अनुभवाचं आहे. मायक्रॉनमध्ये मोजलेलं काही माझ्याकडे नाही. पुट्टी म्हणजे खड्डे भरायचा लेप, प्रायमर म्हणजे रंगाखालचा थर आणि पाणी पेपर म्हणजे पाणी लावून घासायचा कागद, एवढं ठाऊक असलं की पुरे.

तिसरा पर्याय आधीच बाजूला ठेवतो. खाली बेस, म्हणजे रंगाचा थर, आणि वर क्लिअर, म्हणजे पारदर्शक थर, ही आजच्या बहुतेक गाड्यांची पद्धत. मेटॅलिक रंग असेल तर तीच सोयीची. पण साठच्या दशकातल्या साध्या रंगावर क्लिअर चढवला की गाडी काचेच्या पेटीत ठेवल्यासारखी दिसते. ओळखीच्या एका हिरव्या गाडीचा क्लिअर बॉनेटच्या कडेने पापुद्रे सोडताना पाहिला आणि माझ्यापुरता तो विषय संपला. खाली ‘पीयू’ म्हणतोय तो क्लिअरशिवायचा, हार्डनर, म्हणजे रंग घट्ट करणारं रसायन, घालून मारायचा एकजीव रंग.

आता ड्यूको. हे मुळात अमेरिकेतल्या ड्यू पाँट कंपनीच्या नायट्रोसेल्युलोज (एनसी) रंगाचं नाव. जनरल मोटर्सने तो ओकलंड गाडीवर १९२४च्या मॉडेलला निळ्या रंगात आणला, आणि त्याआधी वार्निशचे थर वाळायला जे आठवडेच्या आठवडे जायचे ते वाचले. आपल्याकडे हे नाव असं रुजलं की डबा कोणाचाही असो, एनसी रंगाला चाचा ड्यूकोच म्हणतात.

हा रंग वाळतो तो फक्त थिनर उडून गेल्यामुळे. दुसरं काहीच होत नाही. त्याचे सगळे गुण आणि सगळे दोष या एका गोष्टीतून निघतात. वर्षांनंतरही वरून नवा हात मारला की खालचा थर थोडा विरघळतो आणि दोन्ही एक होतात. सोसायटीत एका मुलाच्या सायकलचं हँडल माझ्या दारावर घासलं होतं. चाचा छोटी गन आणि कॉम्प्रेसर घेऊन घरी आले, तळहाताएवढ्या जागेत काम केलं, दुसऱ्या दिवशी कंपाउंड, म्हणजे घासून तेज आणणारा लेप, मारलं. ती जागा नंतर मला स्वतःला सापडत नव्हती. ही सोय पीयूत नाही, आणि हे मान्य केल्याशिवाय पुढे जाणं बरोबर नाही.

दिसण्याचंही तसंच. दहा-बारा पातळ हात, मधे मधे पाणी पेपर, शेवटी कंपाउंड आणि हाताने पॉलिश. मागच्या चाकावर पत्र्याला जो गोलावा आहे, तिथे संध्याकाळचा उजेड पडला की रंग आतून मऊ वाटायचा. चाचा बोटाच्या पेराने पत्रा चाचपत जायचे आणि मला न दिसणारा खड्डा खडूने गोल करून दाखवायचे. त्या तीन महिन्यांत मी जवळजवळ रोज तिथे जाऊन उभा राहायचो. त्या कामाबद्दल माझ्या मनात आजही आदरच आहे.

पण ड्यूको बसत राहतो. गाडी घरी आल्यावर दुसऱ्या उन्हाळ्यात, सकाळच्या तिरप्या उन्हात बॉनेटवर पेपरच्या बारीक रेघा दिसू लागल्या. थर आकसतो आणि खालचं घासकाम वर दिसायला लागतं. ते पुन्हा रब करून निघालं. उन्हाने सायीचा रंग हळूहळू तुपाकडे झुकला. पावसाळ्यात तर हे काम करूच नये. थिनर उडताना पत्रा गार पडतो, दमट हवेतलं पाणी त्यावर धरतं आणि रंगावर पांढुरकं धुकं येतं. चाचा जूनपासून दसऱ्यापर्यंत पूर्ण गाडी हातात घेत नसत, आणि त्यांचं बरोबर होतं. हे सगळं मी सोसलं असतं. वर्षातून एकदा पॉलिश करायला मला आवडतं.

सोसवलं नाही ते पेट्रोल.

एमजीबीच्या टाकीचं तोंड मागच्या पत्र्यात आहे, डिकीच्या झाकणाखाली, उजव्या दिव्याच्या आतल्या बाजूला. वर फ्लॅप नाही, भोवती खोलगट वाटी नाही. क्रोमचं झाकण काढलं की नळी सरळ पत्र्याबाहेर येते आणि तिच्याखाली पूर्ण उघडा रंग. नोझल जोरात सोडला की पेट्रोल फसकन उलटं येतं. पंपावरचा मुलगा शंभराचा आकडा पुरा करायला शेवटचे दोन-तीन झटके देतो, नोझल बाहेर काढताना चार थेंब सांडतात. त्याचा काही दोष नाही. रोज शेकडो गाड्या भरतो, कुठल्याच गाडीचं त्यामुळे बिघडत नाही. ड्यूकोचं बिघडतं. थिनरने जो विरघळतो, तो पेट्रोलनेही दुखावतो. थेंब तसाच सुकला तर त्या जागेचं तेज जातं, आणि लगेच पुसायला गेलात तर मऊ झालेल्या रंगावर फडक्याचे ओरखडे उठतात.

मी काय काय केलं ते सांगतो. डिकीत जुन्या धोतराचं फडकं ठेवलं. नळीभोवती ते गुंडाळून, पत्र्यावर हात आडवा धरून उभा राहू लागलो. पंपावरच्या लोकांना विनंती करून नोझल स्वतःच्या हातात घेऊ लागलो. काही देतात, काही नियम सांगून नाही म्हणतात, आणि तेही बरोबरच. टाकी पूर्ण भरणं सोडलं. एकदा वाईला ते विसरून टाकी काठोकाठ भरली आणि पसरणी घाट चढायला लागलो. वळणावळणाला झाकणातून पेट्रोल पाझरत राहिलं. पाचगणीला उतरून मागे गेलो तेव्हा झाकणापासून बंपरपर्यंत बोटभर रुंदीचा पिवळसर ओघळ पडला होता. सायीच्या रंगावर तो लांबूनही दिसायचा.

चाचांनी ती जागा तीनदा करून दिली, पैसे न घेता. प्रत्येक वेळी दुरुस्ती सुंदर झाली आणि प्रत्येक वेळी चार-सहा महिन्यांत डाग परत आला. पुढे तर पेट्रोलमध्ये इथेनॉलचं प्रमाणही वाढत गेलं. त्या मिश्रणाचे डाग आधीच्यापेक्षा लवकर पडतात असं मला वाटलं. माझं निरीक्षण एका गाडीपुरतं आहे, तरी सांगून ठेवतो. शेवटी असं होऊ लागलं की रविवारी सकाळी लोणावळ्याला जायचं ठरवताना आधी काट्याकडे बघायचो. पेट्रोल भरावं लागणार असेल तर बेत पुढे ढकलायचो. गाडी चालवायची इच्छा रंगामुळे कमी होते आहे हे लक्षात आलं, त्या दिवशी पीयूची चौकशी सुरू केली.

पीयू वाळत नाही, तो जमतो. हार्डनरशी त्याची रासायनिक क्रिया होते; बूथमध्ये साठेक अंशांवर अर्धा तास ठेवला की हाताला पक्का लागतो आणि पुढे काही आठवडे आणखी घट्ट होत जातो. मग थिनरचं फडकं फिरवा, काही होत नाही. तुमच्या गाडीवर सध्या कोणता रंग आहे हे ओळखायचीही हीच रीत आहे. दाराच्या आतल्या कोपऱ्यात थिनरचा बोळा दाबा. फडक्याला रंग आला, बोट चिकटलं, तर तो ड्यूको. हे आधी बघा, कारण ड्यूकोवर थेट पीयू मारला तर त्याचं थिनर खालचा थर उचलतं आणि सुरकुत्या पडतात. माझी गाडी बाहेरून पूर्ण पत्र्यापर्यंत सोलावी लागली. खर्चात खरी उडी तिथेच आली.

बॉडी शॉपचा माझा अनुभव चाचांसारखा गोड नव्हता. ही दुकानं विम्याच्या कामावर चालतात. बंपर आणि दार आज आलं, परवा गेलं. जुनी गाडी सुटी करून ठेवली की ती कोपऱ्यात सरकते. सहा आठवडे सांगितले होते, पाच महिने लागले. त्यात अख्खा पावसाळा गेला. सोललेल्या पत्र्यावर त्याच दिवशी गंज रोखणारा इपॉक्सी प्रायमर मारायचा माझा हट्ट होता म्हणून गंज वाचला. बाजूची चकचकीत पट्टी आणि दिवे काढायचे नाहीत, नुसतं मास्किंग करून भागवायचं, असाही त्यांचा बेत होता. मी स्वतः जाऊन एक दिवस बसून सगळं काढून दिलं. टेपच्या कडेला जी रंगाची धार राहते, तिथून दोन-तीन वर्षांत रंग सुटायला लागतो. ड्यूको असो की पीयू, हे काढून घ्यायचं काम कोणावर सोडू नका.

पत्र्याचं थोडक्यात. या गाडीला वेगळी चासी, म्हणजे खालचा सांगाडा, नाही; दाराखालचे सिल, म्हणजे पत्र्याचे लांब पोकळ पट्टे, हेच तिचं बळ. तिथे पुट्टी भरून वरून रंग मारलेला असेल तर आधी ते कापा. अ‍ॅबिंग्डनचा एमजी कारखाना १९८०ला बंद झाला तरी मूळ साच्यांवरचे पत्रे इंग्लंडहून अजून मिळतात. आणि त्या काळच्या एमजीबीचं बॉनेट अ‍ॅल्युमिनियमचं आहे. चुंबक लावून बघा. त्याला त्याचा वेगळा वॉश प्रायमर किंवा चांगला इपॉक्सी लागतो. साधा प्रायमर पुढे पापुद्र्याने निघतो.

रंग जुळवणीत मात्र दोघंही पास. बॉडी शॉपला डब्ल्यूटी ३ हा मूळ रंगाचा कोड दिला आणि डिकीच्या आतला, ऊन न लागलेला भाग मशीनला दाखवायला लावला. तरी पहिला नमुना थंड, निळसर आला. दुसऱ्यात पिवळा थेंबभर वाढवला. चाचांनी हे सगळं बारा वर्षांपूर्वी नुसत्या डोळ्यांनी, पत्र्याचा तुकडा कधी उन्हात, कधी सावलीत धरून केलं होतं. रंग मूळचा ठेवायचं दुसरंही एक कारण होतं. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ला व्हिंटेज नोंदणीचे नियम आले, त्यात गाडी मूळ रूपात असण्याला महत्त्व आहे. मूळचा नसलेला रंग देणार असाल तर आरसीवर नोंदही करावी लागेल.

पीयूचे तोटे लपवत नाही. बूथमधून निघालेल्या गाडीवर संत्र्याच्या सालीसारखी बारीक खडबड असते. आजच्या गाडीवर ते चालून जातं, एमजीबीवर उपरं दिसतं. मी वरून पाणी पेपरने सगळं सपाट करून पॉलिश करून घेतलं. त्याचे वेगळे पैसे आणि वेगळी अजीजी. मागच्या वर्षी पुढच्या मडगार्डवर कोणीतरी चावी ओढली, तेव्हा पूर्ण मडगार्ड पुन्हा रंगवावं लागलं. तळहाताएवढं काम इथे होत नाही, कडा दिसत राहते. आणि हार्डनरमधल्या आयसोसायनेट या रसायनाने रंगाऱ्याला कायमचा दमा लागू शकतो. साधा कापडी मास्क तिथे पुरत नाही, नळीने बाहेरची हवा देणारा लागतो. मी दुकान निवडताना ती नळी आधी बघितली. बोळात उघड्यावर पीयू मारून देतो असं कोणी म्हणालं, तर स्वस्त पडेल तरी नको म्हणा.

तुमची गाडी वर्षातून दोन रॅलींना बाहेर पडणारी असेल, टाकीचं तोंड रंगापासून लांब असेल आणि ड्यूको जाणणारा हात तुमच्या गावात अजून काम करत असेल, तर ड्यूकोच द्या. मी आडवा येणार नाही. गाडी दर आठवड्याला चालवायची असेल तर माझा कल क्लिअरशिवायच्या पीयूकडे आहे. तीन वर्षं झाली. पसरणी घाट भरल्या टाकीने कितीदा चढलो ते मोजलेलं नाही. पाचगणीला उतरलो की ओल्या फडक्याचा एक हात मारतो आणि चहाला जातो. धोतराचं फडकं अजून डिकीत आहे, काच पुसायला.

डिकीच्या झाकणाची आतली बाजू मात्र सोलू दिली नाही. तिथे चाचांचा ड्यूको तसाच आहे. झाकण उघडलं की दोन्ही रंग हातभर अंतरावर दिसतात. बाहेरचा जरा कडक, आतला जरा मऊ. बघायला येणारा प्रत्येक जण बोट आतल्यावरच फिरवतो. चाचांना गाडी दाखवायला नेली होती. त्यांनीही आधी डिकी उघडली, आतल्या बाजूवर पेर फिरवलं, मग मागे येऊन टाकीच्या झाकणाखाली वाकून पाहिलं आणि म्हणाले, ‘‘इथे डाग नाही आता.’’