सोलापुरातलं पगडी-फेट्यांचं दुकान: लाल झकास, पांढरा फसलेला

नवी पेठेमागच्या गल्लीतल्या या दुकानात नाटकासाठी पेशवाईची पगडी मागितली की समोर दोन येतात, एक लाल आणि एक राणी रंगाची. राणी तिथल्या तिथे परत करा. तो भडक रंग 1859 च्या सुमारास युरोपातल्या रंगकारखान्यांतून निघाला. पेशवाई 1818 ला बुडाली. भडक जांभळ्याचंही तेच. पर्किन या इंग्रज रसायनतज्ज्ञाचा मॉव्ह नावाचा कृत्रिम जांभळा 1856 चा. त्याआधी जांभळा हवा तर लालावर नीळ चढवायची, आणि रंग वांग्याच्या सालीकडे जायचा. इथला जांभळा फेटा चकचकीत साटीनचा आहे. वऱ्हाडाला चालेल, नाटकाला नाही.

लालात मात्र दुकानदाराची नजर पक्की आहे. कुसुंबी, विटकरी आणि किरमिजी असे तीन गठ्ठे वेगळे ठेवलेत, आणि कुसुंबी बघायलाच इथे जावं. कुसुंबा म्हणजे आपली करडई, जिल्ह्यातल्या रब्बीच्या काळ्या रानातली. पाकळ्या आधी साध्या पाण्यात मळून पिवळा रंग काढून टाकतात. मग खाराच्या (सोड्यासारख्या क्षाराच्या) पाण्यात लाल उतरतो, आणि त्यात लिंबू पिळलं की तो कापडावर बसतो. हे सगळं थंड पाण्यातच, उकळलं की रंग गेला. शंभर ग्रॅम सुती कापडाला पाकळ्या किमान तेवढ्याच वजनाच्या लागतात, आणि तेवढ्यात गुलाबीच येतो. लालभडक व्हायला पुन्हा पुन्हा बुडवावं लागतं. हा रंग उन्हाला आणि साबणाला टिकत नाही, म्हणून जुन्या काळी वापरातलं कापड फिरून रंगवावं लागे. दुकानातला कुसुंबी रासायनिक आहे, त्याला हरकत नाही. छटा बरोबर आहे: किंचित नारिंगीकडे झुकलेली, टोमॅटोसारखी नव्हे.

खोट आहे ती रंग पक्का करण्यात. ओला पांढरा रुमाल कापडावर दहा वेळा घासा. गुलाबी डाग पडला तर रंगवल्यावर कापड गरम साबणपाण्यातून नीट काढलेलं नाही, आणि दोन तासांच्या मिरवणुकीत कपाळ रंगणार. दोन कुसुंबी फेट्यांपैकी एक या परीक्षेत नापास होतो. विटकरी चांगला धरतो.

हिरव्यात पोपटी घेऊ नका. नैसर्गिक हिरवा म्हणजे निळीवर हळद. हळद उन्हात उडते आणि मागे निळसर शेवाळी उरतो. ती छटा मागितली तर वरच्या फळीवरून मिळते.

पांढऱ्यात दुकान पार फसलंय. मावळ्यांची मुंडासी आणि गांधी टोप्या एकाच पांढऱ्याशुभ्र टेरिकॉटच्या! या कापडाला चकाकी आणणारा रासायनिक पांढरेपणा असतो, तो विसाव्या शतकातला. रंगमंचावरच्या जांभळ्या दिव्याखाली मुंडासं निळं पेटतं. तपासायला नोटा ओळखायची यूव्ही बॅटरी पुरते. कोऱ्या मांजरपाटाचं मुंडासं मागा, ते कोपऱ्यात पडलेलं असतं. तेही नसेल तर लिटरभर पाण्यात दोन चमचे चहापत्ती उकळून, गाळून, त्या कोमट पाण्यात टेरिकॉटचं मुंडासं पाच मिनिटं बुडवा. चकाकी मंदावते, पूर्ण जात नाही. (भाड्याच्या मालावर विचारूनच करा, अनामत अडकते.)

1930 च्या सोलापूरवरचं नाटक असेल तर टोपीत हयगय नको. त्या मे महिन्यात शहरात मार्शल लॉ लागला, आणि गांधी टोपी दिसली की कारवाई व्हायची. ती टोपी हातसुताच्या खादीची, किंचित पिवळट, गाठी दिसणारी. इथली इस्त्रीची कडक टोपी त्या मार्शल लॉनंतर फाशी गेलेल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांच्या डोक्यावर शोभणार नाही. खादी भांडारातून कापड घेऊन शिवून घ्यावी.

जरीकाठ घेताना एक सुटा धागा काडेपेटीच्या ज्योतीला धरा. गोळी झाली तर प्लास्टिकची जर. इथे बहुतेक तीच आहे, पण तिसऱ्या रांगेपासून फरक कळत नाही. पगडी तयार बांधलेली येते, घेरा आतून मापाने बघा. सैल असेल तर सुती पट्टी आत दुमडा, पिना लावू नका. कुसुंबी फेट्याखालीही तीच पट्टी कपाळाला बांधा, पांढरी नको, लाल घ्या.